बोटीच्या सफरीला निघालात? मग आधी खोली नीट निवडा



माती परीक्षण, ठिबक संचाची निगा आणि हुमणीचा बंदोबस्त यांवर लिहिणारा हा माणूस आज एकदम आगबोटीवर कसा चढला, असे तुम्हाला वाटेल. त्याला कारण तुम्हीच आहात. गेली तीन-चार वर्षे शिवारफेरीला गेलो की बांधावर चहा घेताना कुणी ना कुणी विचारतेच, "साहेब, मुंबईहून गोव्याला मोठी बोट जाती म्हणं. आमच्यासारख्यानं जावं का?" कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षे होत असतात. कुणाचा मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला असतो आणि आईबापांना पाठवतो म्हणत असतो. कुणाला उसाच्या बिलातून एकदा तरी घरच्या माणसांना समुद्र दाखवायचा असतो.

माझ्या माहितीतली तीन कुटुंबे अशी जाऊन आली. दोन खुशीत परतली. तिसऱ्या घरच्या वहिनी मात्र मला म्हणाल्या, "भावजी, आता पाण्याचं नाव काढू नका." बोट तीच, जेवण तेच, समुद्रही तोच. फरक होता तो बोटीवर मिळालेल्या खोलीचा आणि निवडलेल्या महिन्याचा.

हे तिसरे कुटुंब कवठेमहांकाळ तालुक्यातले. तीन एकर द्राक्षबाग, गोठ्यात चार म्हशी. वहिनी लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षांत माहेरचे चार-दोन दिवस सोडले तर घराबाहेर राहिलेल्या नाहीत. मुलाने हट्ट धरला म्हणून निघाले. मुलाला सुटी मे महिन्यात, म्हणून मेचा तिसरा आठवडा धरला. एजंटाला म्हणाले, स्वस्तातली द्या. त्याने दिली. खोली बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, बिनखिडकीची. पहिल्या रात्री वारा वाढला आणि वहिनींना उलट्या सुरू झाल्या. पुढचे दोन दिवस त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत. समुद्र त्यांनी पाहिला तो परत येताना, मुंबई दिसू लागल्यावर. गेलेले पैसे पुढच्या बहराला मिळतील. पण बावीस वर्षांनी मिळालेले ते तीन दिवस गेले, याची हळहळ मला लागून राहिली. म्हणून हा लेख.

आपल्या भागाला बोट अगदी परकी नाही. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तिथून दाभोळ काय किंवा रत्नागिरी काय, बंदर जवळच. मुंबई ते पणजी अशी कोकण किनाऱ्याची बोट अनेक वर्षे चालली. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती', 'रोहिदास', 'सरिता' ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती सेवा बंद पडली. आमची आत्या रत्नागिरीजवळ दिलेली. १९८१ च्या मे महिन्यात मी वडिलांबरोबर कऱ्हाडहून एसटीने तिकडे गेलो आणि येताना परळच्या काकांना भेटायचे म्हणून रत्नागिरीहून बोटीने मुंबई गाठली. केबिन आमच्या खिशाला परवडणारी नव्हती. खालच्या डेकवर फळीवर चादर टाकायची आणि ती आपली जागा. मी पोरकटपणे पुढच्या टोकाकडे धावलो. तिथे एक कोकणी आजोबा बसले होते. ते वडिलांना म्हणाले, "पोराला घेऊन मधोमध जा. नाळेवर राहिलात तर रात्रभर ओकाल." नाळ म्हणजे बोटीचे पुढचे टोक. आम्ही मध्ये चादर टाकली आणि सकाळी भाऊच्या धक्क्याला लागेपर्यंत मी गाढ झोपलो होतो. नाळेकडे बसलेल्यांचे चेहरे सकाळी पाहण्यासारखे झाले होते.

आता बोटी बदलल्या. २०१८ साली 'आंग्रिया' आणि २०१९ साली 'कर्णिका' या नव्या बोटी मुंबईहून सुरू झाल्या, पण २०२० मध्ये दोन्ही थांबल्या. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागली. ही बोट १९९० साली बांधलेली. लांबी दोनशे मीटरहून थोडी जास्त. अकरा एकरांचा चौरस तुकडा डोळ्यांपुढे आणा, त्याच्या एका बांधाएवढी ती लांब आहे. खोल्या आठशेच्या आसपास, आणि भरली की माणसे पंधराशेच्या वर. आपल्या एखाद्या लहान गावाएवढी वस्ती झाली. पण इतकी मोठी झाली तरी कोकणी आजोबांचा नियम तिलाही लागू आहे.

मधली जागा का?

एसटीने घाटातून जाताना मागच्या बाकावर बसलेला माणूस उडतो आणि मधल्या बाकावरचा तितका उडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बोटीचेही तसेच. लाट आली की पुढचे टोक वर उचलले जाते, मागचे खाली जाते, मग उलट. पोरे फळीवर वर-खाली करतात तो खेळ आठवा. टोकाची पोरे हातभर वर-खाली होतात, मधल्या टेकूजवळचा जागेवरच असतो. बोट बाजूवरही डुलते. त्यात जितके उंच तितके डुलणे जास्त. वाऱ्यात उसाचा शेंडा कसा हेलकावतो आणि बुडखा जागचा हलत नाही, तसे समजा.

म्हणजे हिशेब सोपा झाला. लांबीच्या मधोमध आणि खालच्या बाजूच्या मजल्यांवरची खोली सर्वांत स्थिर. पुढच्या टोकाची, वरच्या मजल्याची खोली सर्वांत हलणारी. गंमत अशी की वरच्या मजल्याची खोली पुष्कळदा महाग असते आणि लोक हौसेने ती घेतात. ज्यांना एसटी लागते, घाटात लिंबू हुंगावे लागते, त्यांनी ती मुळीच घेऊ नये.

मधोमध म्हणून कोणतीही खोली डोळे झाकून घ्यावी असेही नाही. आवाजाचा विचार करावा. जेवणाच्या हॉलच्या बरोबर खाली खोली असेल तर पहाटेपासून डोक्यावर खुर्च्या सरकतात. नाचगाण्याच्या हॉलशेजारी असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड ऐकत पडावे लागते. अगदी मागे, खाली इंजिनाची घरघर असते. अगदी पुढे, बंदरात शिरताना नांगराच्या साखळीचा खडखडाट होतो. लिफ्टच्या दाराला लागून असलेल्या खोलीपुढे दिवसभर वर्दळ असते. सर्वांत निवांत खोली कोणती? जिच्या वरच्या मजल्यावरही खोल्या आहेत आणि खालच्याही मजल्यावर खोल्याच आहेत ती. हे कळण्यासाठी बोटीचा नकाशा पाहावा लागतो. तो कंपनीकडे असतो आणि मागितला की मिळतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपण गट नंबर पाहिल्याशिवाय, चतुःसीमा विचारल्याशिवाय जमिनीचा व्यवहार करत नाही. मग हजारो रुपये देऊन खोली घेताना तिचा नंबर का विचारू नये? काही तिकिटे अशी असतात की त्यात फक्त खोलीचा प्रकार ठरलेला असतो आणि नंबर कंपनी मागाहून देते. ती थोडी स्वस्त पडतात. तरुण पोरांनी घ्यावीत. घरात म्हातारे माणूस बरोबर असेल किंवा कुणाला बोट लागण्याची भीती असेल तर नंबर ठरवूनच पैसे भरावेत आणि तो नंबर नकाशावर बोट ठेवून पाहावा. एजंट "सगळ्या खोल्या सारख्याच" असे म्हणू लागला तर दुसरा एजंट पाहावा.

खिडकी, बिनखिडकी आणि गॅलरी

बोटीवरच्या खोल्या साधारण तीन-चार तऱ्हेच्या. आतल्या बाजूची बिनखिडकीची, समुद्राकडे बंद काचेची खिडकी असलेली, स्वतःची गॅलरी असलेली, आणि मग बड्या लोकांची मोठी दालने. त्या शेवटच्यांचा विचार आपण सोडून देऊ.

बिनखिडकीची खोली स्वस्त आणि वाईट नव्हे. स्वच्छ असते, थंड असते, झोपही उत्तम लागते. पण तिच्यात दिवा मालवला की विहिरीत उतरल्यासारखा अंधार. सकाळ झाली की रात्र आहे तेही कळत नाही. पहाटे साडेचारला कोंबड्याच्या आधी उठणाऱ्या आपल्या बायामाणसांना तिथे कोंडल्यासारखे होते. शिवाय बोट हलत असताना बाहेरचे काही दिसले नाही की मळमळ वाढते, कारण कान सांगतो हलतोय आणि डोळा सांगतो जागेवर आहे. डोळ्याला दूरची क्षितिजाची रेघ दिसली की पोट शांत होते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की ज्यांनी आयुष्यात प्रथमच समुद्रावर पाऊल टाकायचे आहे, त्यांनी थोडे जास्त पैसे देऊन खिडकीची खोली घ्यावी. मात्र खिडकीपुढे बचावाची होडी टांगलेली नाही ना, हे विचारावे. नाही तर पैसे समुद्राचे आणि दर्शन होडीच्या बुडाचे, असे व्हायचे.

गॅलरीच्या खोलीचे मला फारसे कौतुक नाही. आठवडाभराची सफर असती तर गोष्ट वेगळी. दोन रात्रींसाठी तेवढे पैसे घालण्यापेक्षा उघड्या डेकवर जाऊन बसावे, तिथला वारा फुकट आहे. लहान मुले बरोबर असतील तर गॅलरी टाळलेलीच बरी.

मुंबईहून गोव्याकडे जाताना बोटीचे तोंड दक्षिणेला असते. म्हणजे डाव्या हाताला किनारा आणि उगवतीचा सूर्य, उजव्या हाताला मोकळा समुद्र आणि मावळतीचा सूर्य. परतताना हे उलट होते. ज्याला खिडकीतून सूर्यास्त पाहायचा त्याने जातानाची उजवी बाजू मागावी. किनारा बहुधा इतका दूर असतो की त्याच्यासाठी डावी बाजू धरण्यात अर्थ नाही.

तीन-चार माणसांच्या खोलीत खाली दोन बिछाने आणि भिंतीतून उघडणारे वरचे एक-दोन असतात. वर शिडीने चढावे लागते. ते पोरांसाठी. आजी-आजोबांना वर पाठवायची वेळ येईल अशी खोली घेऊ नये. पैसे वाचवण्यासाठी चार मोठी माणसे एका खोलीत कोंबली, तर दोन वळकट्या ठेवायलाही जागा उरत नाही. न्हाणीघर अगदी लहान असते, दाराशी उंबरा असतो, आणि संडास खुर्चीचा. गुडघे दुखणाऱ्यांना तो सोयीचाच. उंबऱ्याला मात्र रात्री ठेच लागते, तेव्हा न्हाणीतला दिवा चालू ठेवून झोपावे. म्हाताऱ्या माणसांची खोली लिफ्टपासून आठ-दहा दारांवर असावी. त्याहून जवळ नको आणि फार लांबही नको. बोटीतल्या बोळांतून चालणे म्हणजे आपल्या बाजारपेठेची एक फेरी होते.

दराबद्दल थोडे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा माणशी असतो आणि तो एका खोलीत दोघे राहणार असे धरून असतो. एकट्या माणसाला जास्त पडते. त्यावर बंदराचे शुल्क, कर, सेवेचा आकार चढतो. गोव्यात उतरून बसने फिरवण्याचे वेगळे, बाटलीतली पेये वेगळी, बोटीवरचे इंटरनेट वेगळे. म्हणून "सगळे धरून घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत किती?" असा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदावर घ्यावे.

कोणत्या महिन्यात निघावे?

खोलीइतकाच महत्त्वाचा महिना. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो आणि मुंबईहून अशा सफरी होत नाहीत. २०२२ च्या पावसाळ्यात तर 'एम्प्रेस' चेन्नईला नेऊन तिकडून चालवली होती. पण मे महिन्याचा उत्तरार्धही धरवत नाही. मे २०२१ मधले तौक्ते वादळ आठवा. मुंबईपासून दूर समुद्रात असलेली तेल कंपनीच्या कामगारांची पी-३०५ ही तराफाबोट त्यात १७ मे रोजी बुडाली आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. प्रवासी बोटी अशा वेळी बाहेर काढत नाहीत हे खरे, पण वादळ नसले तरी मेअखेरीस वारा आणि लाट वाढू लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही कधी वादळे उठतात. डिसेंबर ते मार्च हा काळ सर्वांत शांत.

आता हा काळ आपल्या पिकांत कसा बसवायचा? आडसाली ऊस तुटून गेला, खोडव्याची पाचट सरीत बसवून पहिले पाणी दिले, की जानेवारीत ऊसवाल्यांना चार दिवस काढता येतात. द्राक्षवाल्यांनी माल उतरल्यावर आणि खरड छाटणीच्या आधी वेलीला विश्रांती देतो ना, त्याच दिवसांत स्वतःलाही द्यावी. हळदवाल्यांनी काढणी, शिजवणे, पॉलिश उरकून मार्चअखेर निघावे. साताऱ्याच्या आलेवाल्यांचे तुलनेने बरे, आले जमिनीत थोडे थांबू शकते. महाबळेश्वर-जावळीच्या स्ट्रॉबेरीवाल्यांची मात्र पंचाईत आहे. सारा शांत समुद्र त्यांच्या तोडणीत जातो. त्यांनी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याकडे डोळा ठेवावा.

मुलांची परीक्षा आणि सुटी आडवी येते, हे मी समजतो. पण मुलांसाठी मे धरायचा तर निदान पहिला आठवडा धरा.

निघण्यापूर्वी गोठा आणि मोटर

बोट किनाऱ्यापासून दूर गेली की मोबाईलची रेंज जाते. हे वाक्य पुन्हा वाचा. आता पुष्कळांच्या विहिरीवर मोबाईलने चालू-बंद होणारा स्टार्टर आहे. मिरजेकडचा एक बागायतदार "बोटीवरनंच मोटर चालू करीन" म्हणून निघाला आणि दोन दिवस त्याच्या जिवाला घोर लागून राहिला. सफर निम्मी तिथेच संपली. तेव्हा त्या आठवड्यात शेतीची वीज दिवसा आहे की रात्री, कोणत्या दिवशी कोणता व्हॉल्व्ह उघडायचा, हे कागदावर लिहून विश्वासू माणसाच्या हातात द्यावे. घरच्यांना सांगून ठेवावे की आपला फोन लागला नाही तर घाबरू नये.

म्हशीचे त्याहून नाजूक. ती ओळखीच्या हातालाच पान्हा सोडते. निघायच्या दिवशी शेजारणीला बोलावून चालत नाही. आठ-दहा दिवस आधीपासून जी बाई धार काढणार तिला रोज बरोबर बसवावे, शेवटचे चार दिवस तिनेच काढावी. वैरण-खुराक तिच्यासमोर मापून दाखवावा. विण्याला टेकलेले जनावर गोठ्यात असेल तर जाऊच नये. कारण मन तिथेच राहते.

ओळखपत्रे लहान मुलांसकट सर्वांची घ्यावीत. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. दिवस गेलेल्या सुनेला नेण्यापूर्वी कंपनीचा नियम विचारावा. साधारण सहावा महिना लागला की बोटीवर घेत नाहीत. घरची भाकरी-चटणी, लाडूंचा डबा वर नेऊ देत नाहीत, तेव्हा पहाटे उठून दशम्या करत बसू नये. बोटीवर शाकाहारी आणि जैन जेवणाचीही सोय असते. महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा करत सकाळी मुंबईत सोडते. बॅलार्ड पियरचा धक्का स्टेशनापासून जवळच आहे. आदल्या रात्री निघाले की मुक्कामाचा खर्च वाचतो. बोटीच्या दिवशीच दुपारी पोचणारी गाडी धरू नये. गाडीला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही.

बोट लागू नये म्हणून आल्याचा तुकडा किंवा सुंठ जवळ ठेवावी. आले पिकवणाऱ्या जिल्ह्याला मी हे सांगावे असे नाही. ज्यांना हमखास त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी न्यावी. ती बोट सुटण्याआधी तासभर घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग फार थोडा. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. मळमळले तर खोलीत पडून न राहता मधल्या भागातल्या डेकवर जाऊन दूरवर नजर लावावी.

बोटीवरचे दिवस

पहिले काम, बचावाची कवायत. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की ठरलेल्या जागी जमायचे असते. लोक कंटाळा करतात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्या अपघातात ३२ माणसे दगावली, आणि त्यानंतर बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत घेण्याचा नियम झाला. तेव्हा आपल्या खोलीपासून त्या जागेपर्यंत दोनदा पायांनी चालून यावे, एकदा जिन्याने.

बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. खोलीची चावी म्हणून जे कार्ड देतात त्यावरच खर्च मांडला जातो. म्हणजे दुकानातली उधारीची वही झाली. पोरे आईस्क्रीम घेत जातात आणि शेवटच्या दिवशी आकडा पाहून बापाला घाम फुटतो. रोज रात्री हिशेब विचारून घ्यावा. दारू आणि कॅसिनो दोन्ही बोटीवर असतात. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण कांद्याच्या भावावर वर्षभर जुगार खेळणाऱ्या माणसाला आणखी एक कशाला हवा, असे मला वाटते.

मी आणि सौ. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेलो. खोली मधोमध, खालून तिसऱ्या मजल्यावर, खिडकीची. पहिल्या पहाटे सवयीने साडेचारला जाग आली. सौ. म्हणाली, "चहा कुठं मिळतो बघू." डेकवर गेलो तर मुंबईची मंडळी सगळी झोपलेली, आणि रेलिंगला टेकून उभे कोण, तर फलटणकडचे दूधवाले जोडपे आणि विट्याचे एक म्हातारे आजोबा. समुद्र विहिरीच्या पाण्यासारखा संथ होता. पूर्वेला सह्याद्रीची पुसट रेघ दिसत होती. आजोबा म्हणाले, "पलीकडल्या अंगाला आपलं पाटण." पाच जण आम्ही उजाडेपर्यंत तिथे उभे होतो. त्या वेळेइतकी सुंदर वेळ बोटीवर दुसरी नाही, आणि ती आपल्या लोकांना आपोआप मिळते. तेवढ्यासाठी तरी रात्रीच्या नाचगाण्याला फार वेळ बसू नये.

गोव्यात उतरायलाच हवे असे नाही. घाईने बसने चार देवळे आणि दोन चर्च पाहण्यापेक्षा त्या दिवशी बोट रिकामी असते, तेव्हा निवांत बसता येते. लक्षद्वीपच्या फेरीत मोठी बोट बेटाला लागत नाही. ती दूर नांगर टाकते आणि छोट्या होडीत उतरून जावे लागते. गुडघ्यांनी त्रस्त माणसांनी हे आधी जाणून घ्यावे. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठे सामान खोलीबाहेर ठेवायला सांगतात. औषधे आणि सकाळचे कपडे हातपिशवीत ठेवावेत. एका गृहस्थाने सगळेच सामान बाहेर दिले आणि सकाळी तो लुंगीवर मुंबईत उतरला.

कवठेमहांकाळच्या त्या वहिनी या वर्षी मार्चमध्ये पुन्हा गेल्या. सहज तयार झाल्या नाहीत. मुलगा आणि मी, दोघांनी नकाशा समोर पसरून त्यांना खोली दाखवली, मधोमध, खालचा मजला, खिडकी. माल उतरून झाला होता. जावेने आठ दिवस आधीपासून धारा काढायला घेतल्या होत्या. परत आल्यावर मी विचारले, काय काय पाहिलेत? त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "खिडकीपाशी बसले हुते. तीन दिवस कुणी हाक मारली नाही बघा."

मग उठून त्या गोठ्यात गेल्या. धाकट्या म्हशीने दोन वेळा दूध कमी दिले होते, ते त्यांना बघायचे होते.